जीन हॅकमन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅकमनविषयी कुठे चार ओळी लिहिल्या की पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. सुपरमॅनमधला टकलू तोच का, तो दरवान होता हे खरं का, शेवटी नेमकं काय झालं. दर वेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. पंचाण्णव वर्षं जगलेल्या माणसाला अरे-तुरे का, असंही एकाने विचारलं होतं. आवडत्या नटाला आपण कधी अहो-जाहो केलंय?

प्र. हा नेमका कोण? चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, पण नाव लागत नाही.

असं पुष्कळांचं होतं, आणि मला विचाराल तर त्यातच त्याची मोठी कमाई आहे. उंच, रुंद खांद्यांचा, कपाळ मागे सरकलेलं, नाक जरा जाड. चेहरा एखाद्या गोदामावरच्या मुकादमाचा असावा तसा. १९६० च्या दशकापासून २००४ पर्यंत हा माणूस पोलीस, पाद्री, बास्केटबॉलचा कोच, पाणबुडीचा कप्तान, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असं काय काय झाला. दोन ऑस्कर घेतले. तरी पडद्यावर तो आला की 'हॅकमन आला' असं मनात येत नाही, तो पोलीस आला असंच वाटतं.

आपल्याकडे अनेकांची त्याच्याशी ओळख झाली ती नव्वदच्या दशकात घरात केबल आल्यावर, रात्रीच्या इंग्रजी चित्रपटांमधून. माझीही तशीच. चार चित्रपट पाहून झाल्यावर मला कळलं की चारही ठिकाणी हाच होता.

प्र. जन्म कुठला? घरचं काही?

३० जानेवारी १९३०, सॅन बर्नार्डिनो, कॅलिफोर्निया. पूर्ण नाव यूजीन ॲलन हॅकमन. वाढला मात्र इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिल नावाच्या गावात, आईच्या आईच्या घरी. वडील तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीन चालवायचे. पोराला सिनेमाचं वेड होतं आणि तेव्हाचा गाजलेला नट जेम्स कॅग्नी हे दैवत. कॅग्नीसारखं व्हायचं हे लहानपणीच डोक्यात बसलं होतं, आरशात पाहिल्यावर मात्र चेहरा साथ देत नव्हता, असं तो पुढे हसत सांगायचा.

आईने त्याचं यश पाहिलं नाही. १९६२ मध्ये सिगारेटमुळे घराला लागलेल्या आगीत ती गेली.

प्र. वडिलांनी हात हलवल्याची गोष्ट सारखी वाचायला मिळते. ती काय आहे?

ही गोष्ट त्याने स्वतः मुलाखतींत सांगितली आहे. तेरा वर्षांचा होता. रस्त्यावर पोरांबरोबर खेळत होता. वडिलांची गाडी समोरून गेली आणि जाता जाता त्यांनी खिडकीतून हात हलवला. एवढंच. थांबले नाहीत, बोलले नाहीत. घर सोडून चालले होते, आणि तो हात हाच निरोप होता. पोराला ते तिथल्या तिथे कळलं.

हॅकमनचं म्हणणं असं की एवढ्याशा हालचालीत केवढं काही असू शकतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि कदाचित म्हणूनच तो नट झाला असेल. नटांना अशा गोष्टी सांगायची हौस असते, त्यामुळे मी सहसा त्यांवर पुरता विश्वास ठेवत नाही. पण हिच्यावर ठेवतो. कारण त्याचं काम पाहिलं की हा पुरावा वारंवार सापडतो. मोठ्या संवादाला तो फारसं काही करत नाही. संवाद संपल्यावर हाताचं, मानेचं, ओठांच्या कोपऱ्याचं जे होतं, तिथे तो असतो.

प्र. सैन्यात होता म्हणतात?

हो. सोळाव्या वर्षी वय चोरून अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये भरती झाला. साडेचार वर्षं काढली. काम रेडिओ ऑपरेटरचं, पोस्टिंग चीन, हवाई, जपान. शिस्तीशी त्याचं कधी जमलं नाही. सैन्यातून सुटल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी सवलतीतून इलिनॉय विद्यापीठात पत्रकारिता आणि टीव्ही निर्मिती शिकायला गेला, तेही मध्येच सोडलं.

प्र. 'याचं काही होणार नाही' असा शिक्का बसला होता, ते खरं का?

खरं. पंचविशी उलटल्यावर तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना प्लेहाऊस या नाट्यशाळेत दाखल झाला. भोवती अठरा-वीस वर्षांची, उन्हात रापलेली देखणी पोरं, आणि हा लग्न झालेला माजी सैनिक. तिथे त्याची गट्टी जमली ती आणखी एका न शोभणाऱ्या पोराशी, त्याचं नाव डस्टिन हॉफमन. दोघं गच्चीवर जाऊन बाँगो वाजवत बसायचे. वर्गाने या दोघांना मिळून 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' असा किताब दिला. हॅकमनला तर गुणही असे पडले की शाळेने गाशा गुंडाळायला सांगितलं.

मग तो न्यूयॉर्कला गेला. मागोमाग हॉफमनही आला आणि हॅकमन नवरा-बायकोच्या टीचभर घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर अंथरूण टाकून झोपू लागला. पाहुणा हलायचं नाव घेईना. शेवटी हॅकमननेच त्याची सोय रॉबर्ट डुव्हालकडे लावून दिली. फर्निचर जिन्याने वर चढवणं, ट्रक चालवणं, चपला-बूट विकणं ही कामं करणारे हे तिघे पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा कोणी पैज लावली नसती.

प्र. आणि दरवानाची गोष्ट?

टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका रेस्टॉरंटच्या दारात तो गणवेश घालून उभा राहायचा. एक दिवस पॅसाडिनाचा एक शिक्षक समोरून आला, त्याला पाहिलं आणि 'मी म्हटलंच होतं, तुझं काही होणार नाही' असं सुनावून गेला. दुसऱ्या खेपेला मरीनमधला त्याचा जुना अधिकारी जवळून गेला आणि एक कचकचीत शिवी पुटपुटला. दोन्ही गोष्टी हॅकमननेच सांगितलेल्या आहेत. कोणती आधी, कोणती नंतर, याच्या खोलात मी शिरत नाही. त्याने त्या आयुष्यभर जपून ठेवल्या, हे महत्त्वाचं. खुन्नस हे इंधन आहे, आणि त्याची टाकी कायम भरलेली होती.

प्र. पहिली संधी कधी मिळाली?

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर एका विनोदी नाटकात नाव झालं. त्याच वर्षी 'लिलिथ' चित्रपटात नायक वॉरन बीटीबरोबर एक छोटासा प्रसंग मिळाला. बीटीच्या तो लक्षात राहिला.

१९६७ साल गमतीचं आहे. 'द ग्रॅज्युएट'मध्ये मिस्टर रॉबिन्सनच्या भूमिकेसाठी त्याची निवड झाली होती आणि नायक होता त्याचाच फरशीवर झोपणारा मित्र. तालमी सुरू झाल्यावर दिग्दर्शक माइक निकल्सने हॅकमनला काढून टाकलं. कारण तो फार तरुण वाटत होता. आणि ते बरोबरच होतं, तो हॉफमनपेक्षा जेमतेम साडेसात वर्षांनी मोठा, त्याने बापाच्या वयाच्या माणसाचं काम कसं करायचं? पण हातचं काम गेलं म्हणून तो मोकळा झाला, आणि बीटीने त्याला 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये क्लाइडच्या थोरल्या भावाचं, बक बॅरोचं काम दिलं. त्यासाठी पहिलं ऑस्कर नामांकन. अडतिसाव्या वर्षी.

दुसरं नामांकन १९७० च्या 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर'साठी. हेकट म्हातारा बाप आणि त्याच्यापुढे आयुष्यभर आक्रसलेला मुलगा. हा चित्रपट आज फारसा कोणी पाहत नाही. पाहायला हवा.

प्र. 'द फ्रेंच कनेक्शन'बद्दल सविस्तर सांगा.

या प्रश्नाची वाटच बघत होतो.

न्यूयॉर्कमधल्या हेरॉइनच्या तस्करीवरचा १९७१ चा चित्रपट, दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन. एडी ईगन आणि सनी ग्रोसो या दोन खऱ्या डिटेक्टिव्हांनी उघडकीला आणलेल्या प्रकरणावर आधारलेला. ईगनचं पडद्यावरचं रूप म्हणजे जिमी 'पॉपाय' डॉइल. फ्रीडकिनला या भूमिकेसाठी हॅकमन नकोच होता. जिमी ब्रेस्लिन नावाच्या एका पत्रकाराला, म्हणजे नट नसलेल्या माणसाला, त्याने आधी करून पाहिलं. ब्रेस्लिनने आईला शब्द दिलेला, की कधी गाडी चालवणार नाही. चित्रपटात अर्धा वेळ गाडी! शेवटी नाइलाजाने हॅकमन.

हॅकमनचीही पंचाईतच झाली. तो आणि पडद्यावरचा त्याचा साथीदार रॉय शायडर खऱ्या डिटेक्टिव्हांबरोबर हार्लेममध्ये फिरले, धाडी पाहिल्या. ईगनचा वर्णद्वेष आणि त्याची मारहाण पाहून हॅकमनला किळस आली. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच एका संशयिताला थोबाडीत मारायचा प्रसंग होता. त्याचा हात उठेना. टेकवर टेक. हे काम माझ्याच्याने होणार नाही, असं त्याने फ्रीडकिनला सांगून टाकलं. फ्रीडकिनने सोडलं नाही. उलट त्याला इतकं डिवचलं, चिडवलं, की हॅकमनच्या आतला तो सगळा राग वर आला आणि पॉपाय उभा राहिला.

आता एक प्रसंग बघा. थंडीचे दिवस. रस्त्याच्या एका बाजूला रेस्टॉरंटात फ्रेंच तस्कर शार्निए (फर्नांदो रे) कोट-टायमध्ये बसून निवांत जेवतोय, एकामागून एक पदार्थ येतायत. समोरच्या फुटपाथवर पॉपाय पाय आपटत उभा आहे, हातात गार पिझ्झाचा तुकडा आणि कागदी पेल्यात कॉफी. एक घोट घेतो आणि उरलेली ओतून देतो. संवाद नाही. पण या पोलिसाला तस्कराचा राग कायद्यापायी येतोय की त्या जेवणापायी, हा प्रश्न त्याच क्षणी तुमच्या मनात येतो आणि चित्रपट संपेपर्यंत जात नाही.

आणि मग भुयारी रेल्वेच्या स्टेशनातला प्रसंग. शार्निए डब्यात चढतो, पॉपाय चढतो. शार्निए उतरतो, पॉपाय उतरतो. असं चालतं. शेवटी शार्निए दारात छत्री अडकवून डब्यात शिरतो, दार लागतं, पॉपाय फलाटावर. गाडी हलते तसा शार्निए काचेआडून हसून हात हलवतो. बोटं नुसती नाचवतो.

निघालेली गाडी, आतून हललेला हात आणि बाहेर राहिलेला माणूस. डॅनव्हिलच्या रस्त्यावरचं पोर मला तिथे दिसतं. फ्रीडकिनने ते ठरवून केलं असं मी म्हणत नाही, त्याला ती गोष्ट तेव्हा ठाऊक असायचं काही कारण नाही. पण त्या फलाटावर धावणाऱ्या हॅकमनचा चेहरा बघा. आणि शेवटाकडे पुलावर नाकाबंदी करून शार्निएची वाट अडवल्यावर पॉपाय काय करतो? तोही हात हलवतो.

प्र. त्यातला गाडीचा पाठलाग खराच चित्रित केलाय?

बराचसा हो. वरून ब्रुकलिनची उन्नत रेल्वे जातेय, तीत मारेकरी. खालून, लोखंडी खांबांमधून, पॉपाय एका माणसाकडून हिसकावून घेतलेली पॉन्टिअ‍ॅक पळवतोय. काही भाग हॅकमनने स्वतः चालवला, जिवावरचा भाग स्टंट ड्रायव्हर बिल हिकमनने. रस्ता धड बंद केलेला नव्हता. चित्रपटात एका गाडीशी जी धडक दिसते ती ठरलेली नव्हती. कामावर निघालेला कोणी खरा माणूस मध्ये आला. फ्रीडकिनने पुढे स्वतःच कबूल केलं की हा निव्वळ वेडेपणा होता. कोणी मेलं नाही हे नशीब. आज तसं करू दिलं जाणार नाही, आणि करूही नये.

या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, आणि हॅकमनला प्रमुख अभिनेत्याचा.

प्र. एकूण ऑस्कर किती?

नामांकनं पाच, जिंकले दोन. 'द फ्रेंच कनेक्शन'साठी प्रमुख भूमिकेचा, 'अनफर्गिव्हन'साठी (१९९२) साहाय्यक भूमिकेचा. उरलेली तीन नामांकनं 'बॉनी अँड क्लाइड', 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर' आणि 'मिसिसिपी बर्निंग'. शिवाय २००३ मध्ये गोल्डन ग्लोबचा जीवनगौरव, म्हणजे सेसिल बी. डमिल पुरस्कार.

प्र. त्याचं सर्वोत्तम काम कोणतं?

स्वतः हॅकमन 'स्केअरक्रो'चं (१९७३) नाव घ्यायचा. अल पचिनोबरोबरचा, दोन भटक्यांचा चित्रपट, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारात वाटेकरी झाला. पण अमेरिकेत प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि ते त्याला फार लागलं.

माझं मत 'द कॉन्व्हर्सेशन'ला (१९७४). फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा. यालाही कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. हॅकमन यात हॅरी कॉल. धंदा दुसऱ्यांचं बोलणं चोरून टेप करण्याचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये भर गर्दीत गोल गोल चालणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो तीन-तीन ठिकाणांहून टिपतो, मग कार्यशाळेत बसून ते तुकडे जुळवत राहतो. एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो. त्या वाक्यातला जोर कोणत्या शब्दावर आहे, यावर पुढचं सगळं फिरतं. याहून जास्त सांगत नाही.

पॉपाय डॉइल करणारा माणूस तीन वर्षांत हे करतो, याचं मला अजून नवल वाटतं. तिकडे सगळं अंगावर येणारं, इकडे सगळं आत घेतलेलं. हॅरीच्या अंगात कायम एक पातळ, अर्धपारदर्शक रेनकोट. आकाश निरभ्र असलं तरी. दाराला तीन-चार कुलपं. मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला तरी अंग चोरतो. एका प्रसंगात घरमालकीण वाढदिवसाची बाटली आत ठेवून गेलेली दिसते. हॅरीला आनंद होत नाही. कुलपं असताना ती आत आलीच कशी, हा हिशेब तो करत बसतो. एकटाच रेकॉर्डवर लावलेल्या संगीताबरोबर सॅक्सोफोन वाजवतो, हॅकमन त्यासाठी वाजवायला शिकला. आडनावाचीही गंमत आहे: मूळ आडनाव वेगळं होतं, टंकलेखनात चूक होऊन 'कॉल' झालं, आणि या शब्दाचा इंग्रजीतला एक अर्थ नवजात बाळावरचं पातळ आवरण असा असल्याने कपोलाने ते ठेवून घेतलं. रेनकोट तिथूनच आला.

या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकनसुद्धा नाही. चित्रपटाला होतं, तो हरला 'द गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाशी. म्हणजे कपोला कपोलाशीच हरला.

प्र. 'एनिमी ऑफ द स्टेट' हा 'द कॉन्व्हर्सेशन'चा दुसरा भाग आहे का?

अधिकृतपणे नाही. पण १९९८ च्या त्या चित्रपटात हॅकमन पाळत ठेवण्यातला जुना जाणकार आहे, हॅरीसारखाच जाळीच्या खोलीत काम करतो, आणि त्याच्या तरुणपणचा म्हणून जो फोटो दाखवलाय तो हॅरी कॉलच्याच वेळचा आहे. जाणत्यांनी समजून घ्यावं.

प्र. सुपरमॅनमधला खलनायक लेक्स लुथर टकला होता ना? मग हॅकमनला केस कसे?

चित्रपटात तो वेगवेगळे टोप घालतो. टक्कल अगदी शेवटी दिसतं. खरी गोष्ट मिशीची आहे. हॅकमन तेव्हा मिशी ठेवून होता आणि काढायला तयार नव्हता. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाला, तू काढलीस तर मीही माझी काढतो. हॅकमनने काढली. डॉनरने आपली मिशी हाताने ओढून बाजूला ठेवली. चिकटवलेली होती!

पण पुढचं ऐका. दुसऱ्या भागाचं बरंच चित्रीकरण झाल्यावर निर्मात्यांनी डॉनरला काढलं. हॅकमन नव्या दिग्दर्शकाकडे परत गेलाच नाही. दुसऱ्या भागात तो दिसतो ते डॉनरने आधी घेतलेलं काम. राहिलेल्या जागा बदली माणूस आणि बदली आवाज वापरून भरल्या.

प्र. 'मिसिसिपी बर्निंग'वर टीका का झाली होती?

१९६४ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला, त्यावर बेतलेला हा १९८८ चा चित्रपट. टीका अशी की कृष्णवर्णीयांच्या लढ्याच्या गोष्टीत नायक मात्र एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनीही हा आक्षेप घेतला. तो मला पूर्ण मान्य आहे. आणि तरी, त्यातल्या एका अधिकाऱ्याच्या भूमिकेत हॅकमन तिथल्या डेप्युटीच्या, म्हणजे साहाय्यक शेरीफच्या, बायकोशी (फ्रान्सिस मॅक्डॉरमंड) तिच्या घरात जे हळू बोलतो, दक्षिणेत वाढलेल्या माणसाच्या सवयीने, माहिती काढून घेण्यासाठी आणि खऱ्या ओढीनेही, ते काम वेगळं काढून पाहावं असंच आहे. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

प्र. 'अनफर्गिव्हन' त्याने आधी नाकारला होता?

हो. हिंसेचा त्याला कंटाळा आला होता. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडने पटवलं की हा चित्रपट हिंसेच्या बाजूचा नाही. मग त्याने शेरीफ लिटल बिल डॅगेट केला. हा शेरीफ गावात बंदुका आणू देत नाही, भर रस्त्यात माणसाला तुडवतो, आणि फावल्या वेळात स्वतःच्या हाताने घर बांधतो. घर गळतं. भांडी मांडून ठेवलीत छपराखाली, आणि कोणी सुतारकामावर बोललं तर साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा. मरताना तो कायद्याचं काही बोलत नाही. असं मरण माझ्या वाट्याला यायला नको होतं, मी घर बांधत होतो, असं म्हणतो. खलनायकाला इतकं घरगुती मरण देणारा दुसरा नट मला आठवत नाही.

प्र. स्वभावाने फार तापट होता का?

सेटवर दिग्दर्शकांची पळापळ व्हायची, हे त्याच्याबरोबर काम केलेल्यांनीच सांगितलंय. 'द रॉयल टेननबॉम्स'च्या (२००१) वेळी तरुण दिग्दर्शक वेस अँडरसनला त्याने इतकं फैलावर घेतलं की त्यातलाच नट बिल मरे स्वतःचं काम नसलेल्या दिवशीही अँडरसनच्या पाठीशी राहायला सेटवर येऊन बसायचा.

त्या भूमिकेची हकिकत अशी की अँडरसनने ती हॅकमनला समोर ठेवूनच लिहिली होती, आणि हॅकमनला आपल्यासाठी कोणी काही लिहिलेलं आवडायचं नाही. कसाबसा तयार झाला. रॉयल टेननबॉम म्हणजे बायको-मुलांना सोडून गेलेला, वर्षांनंतर पोटाच्या कर्करोगाचं सोंग करून घरात परत घुसणारा बाप. लबाड, बेशरम आणि तरी हवाहवासा. ज्याचा बाप गाडीतून हात हलवून गेला त्याने सत्तरी ओलांडल्यावर हा बाप केला. नातवांना घेऊन रस्ते धुंडाळणारा, टॅक्सीवर पाण्याचे फुगे फेकणारा रॉयल पाहताना मला वाटतं, हॅकमनने आपल्या बापाला माफ केलं नाही, पण समजून घेतलं. गोल्डन ग्लोब मिळाला. ऑस्करवाल्यांना दिसला नाही.

प्र. हॉफमनबरोबर कधी काम केलं की नाही?

जवळपास अर्ध्या शतकाच्या दोस्तीनंतर, २००३ च्या 'रनअवे ज्युरी'त. सुरुवातीला एकत्र प्रसंगच नव्हता. मग न्यायालयाच्या स्वच्छतागृहातली समोरासमोरची खडाजंगी मुद्दाम लिहून घातली. चित्रपट सामान्य आहे, तेवढ्या प्रसंगासाठी बघा.

प्र. काम का सोडलं?

शेवटचा चित्रपट 'वेलकम टू मूसपोर्ट', २००४. सुमार विनोदी चित्रपट, त्याच्यासारख्याचा शेवट याने व्हावा याची चुटपुट लागते. त्याच्या सांगण्याप्रमाणे न्यूयॉर्कमध्ये हृदयाची चाचणी झाली आणि डॉक्टरांनी ताण झेपणार नाही असं सांगितलं. १९९० मध्ये अँजिओप्लास्टी झालेलीच होती. समारंभ नाही, निरोपाची भाषणं नाहीत. पुढे एका मुलाखतकाराने परत येणार का विचारलं, तेव्हा म्हणाला की माझ्याच घरात, काही न हलवता, एक-दोन माणसांत करता आलं तर बघू.

प्र. मग वीस वर्षं केलं काय?

न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे राहिला. चित्रं काढली, सायकल चालवली, मासे पकडले. आणि कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या तीन डॅनियल लेनिहन या पाण्याखालच्या पुरातत्त्वज्ञ मित्राबरोबर, पहिली काम सोडण्याआधीचीच, १९९९ ची, जहाजफुटीची. नंतरच्या दोन एकट्याने. त्याला लिहिण्यातला एकांत आवडायचा.

प्र. मृत्यू कसा झाला? खूप उलटसुलट वाचलं.

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी सांता फेच्या घरात तो आणि त्याची दुसरी पत्नी बेट्सी अराकावा मृतावस्थेत आढळले. एक कुत्राही. त्यावरून पहिले काही दिवस वाटेल ते छापून आलं. वैद्यकीय तपासणीत निघालं ते असं: ६५ वर्षांच्या बेट्सी आधी गेल्या, हंताव्हायरसमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने. हा विषाणू उंदरांच्या मलमूत्रातून पसरतो. हॅकमनला हृदयविकार होता आणि अल्झायमर बळावलेला होता. पेसमेकरची शेवटची नोंद १८ फेब्रुवारीची. म्हणजे मधले काही दिवस तो घरात एकटा होता, आणि बायको गेल्याचं त्याला कितपत उमगलं असेल ते सांगता येत नाही. घातपात नाही. यावर आणखी प्रश्न नकोत.

प्र. मी त्याचं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

ताण सोसत असेल तर 'द फ्रेंच कनेक्शन'. शांतपणे, रात्री, हेडफोन लावून 'द कॉन्व्हर्सेशन'. घरात सगळ्यांबरोबर बसून पाहायचा तर 'हूजियर्स', इंडियानातल्या खेड्यातली बास्केटबॉलची टीम, खेळातलं काही कळत नसलं तरी चालतं. डेन्झेल वॉशिंग्टनशी जुगलबंदी हवी तर 'क्रिमझन टाइड'.

आणि तेवढाही वेळ नसेल तर 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मधली त्याची चार-पाच मिनिटं शोधून काढा. दाढीवाला आंधळा संन्यासी, घरी पहिल्यांदाच पाहुणा आलाय म्हणून हरखलेला. पाहुणा म्हणजे तो अक्राळविक्राळ राक्षस. हा प्रेमाने त्याच्या मांडीवर उकळतं सूप ओततो, पेल्याला पेला भिडवताना त्याचा पेला फोडतो, चिरूट समजून अंगठा पेटवतो. राक्षस बोंबलत पळतो. मागून हा केविलवाण्या आवाजात ओरडतो की थांब ना, मी एस्प्रेसो करणार होतो. ती ओळ त्याने ऐन वेळी घातली असं सांगतात, आणि दृश्य तिथेच तोडलंय, कारण कॅमेऱ्यामागे सगळे हसत सुटले होते.